‘त्याला माफ आहे’

शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे, पण वर्गात मूल नाही, असे एखादे तरी नाव बहुतेक शाळांत असते. चौकशी केली की उत्तर मिळते, ‘‘तो तसा आहे, सर. बोलत नाही.’’ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रेवस-मांडव्यापासून चौल, मुरूड, दिघी, श्रीवर्धन आणि खाली बाणकोटच्या खाडीपर्यंत, कोकणी मुसलमानांची वस्ती असलेली अनेक गावे आहेत. तिथल्या मोहल्ल्यात अशा मुलाबद्दल आणखी एक वाक्य सहज बोलले जाते : ‘‘त्याला माफ आहे.’’ नमाज माफ, रोजा माफ, मदरशातला सबक माफ. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण हळूहळू शाळाही माफ होते, खेळ माफ होतो, लग्नकार्याला जाणे माफ होते आणि शेवटी ते मूल घराच्या मागच्या पडवीपुरते उरते.

या लेखात आम्ही या माफीचा इतिहास पाहणार आहोत. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वेगळे मूल घरात ठेवणे ही कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. हिंदू वाड्यांत आणि शहरी फ्लॅटमध्येही तेच घडते. आम्ही हा किनारा आणि हा समाज निवडला तो एवढ्यासाठी, की इथल्या परंपरेत माफी आणि सामीलकी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सापडतात, आणि त्यांच्यातला फरक शिक्षकाला फार उपयोगी पडणारा आहे.

चौलच्या बंदरातून

या किनाऱ्यावरील मुस्लिम वस्ती किती जुनी आहे? अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१५-१६च्या सुमारास सैमूर बंदरात, म्हणजे आजच्या चौल येथे, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुले अशी ती वस्ती होती.

ही माणसे ज्या शहरांतून येत होती, त्या शहरांत अपंगांची काळजी हा राज्यकारभाराचा विषय झालेला होता. दमास्कसचा खलिफा अल्-वलीद (कारकीर्द ७०५ ते ७१५) याने अंधांना वाटाडे आणि पांगळ्यांना सेवक नेमून दिल्याची नोंद इतिहासकार तबरी यांनी केली आहे. बगदादमध्ये ९१८ साली, म्हणजे मसूदीच्या चौलभेटीनंतर दोन-तीन वर्षांतच, खलिफाच्या नावाचे रुग्णालय उघडले. पुढे दमास्कस (११५४) आणि कैरो (१२८४) येथे मोठी रुग्णालये झाली. वक्फच्या उत्पन्नावर चालणाऱ्या या रुग्णालयांत मनोरुग्णांसाठीही जागा असे.

याच परंपरेत माफीचा उगम आहे. एका प्रसिद्ध हदीसनुसार तीन जणांवरून कलम उचललेले असते, म्हणजे त्यांच्या कृत्यांची नोंद होत नाही : झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरवलेला ती परत येईपर्यंत. यावरून धर्मशास्त्रज्ञांनी नियम बांधले. ज्याला समज नाही त्याच्यावर धार्मिक कर्तव्याचे ओझे नाही. त्याच्या मालमत्तेची देखभाल पालकाने करावी. हा दयेचा नियम आहे. जे जमत नाही त्याबद्दल कोणाला शिक्षा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

पण त्याच परंपरेत दुसरी एक गोष्ट आहे. अब्दुल्ला इब्न उम्म मकतूम हे पैगंबर मुहम्मद यांचे अंध सहकारी. कुराणातील ‘अबस’ ही ८०वी सूरा त्यांच्याच प्रसंगावरून अवतरली, असे भाष्यकार सांगतात. प्रतिष्ठितांशी बोलणे चालू असताना या अंध माणसाकडे दुर्लक्ष झाले, त्याबद्दल तिथे खुद्द पैगंबरांना टोकलेले आहे. पुढे इब्न उम्म मकतूम मदिनेत अजान देत असत, आणि पैगंबर बाहेरगावी असताना काही वेळा त्यांच्या जागी नमाजाचे नेतृत्वही करत. त्यांनी एकदा विचारले, मला मशिदीपर्यंत आणणारे कोणी नाही, तर मी घरीच नमाज पढू का? त्यावर त्यांना उलट विचारण्यात आले, अजान ऐकू येते का? येते, असे उत्तर मिळाल्यावर सांगणे झाले, मग यावे.

शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर हा विलक्षण संवाद आहे. इथे सवलत मागितली गेली आणि मिळाली ती जागा. माफी म्हणते, ‘तू आला नाहीस तरी चालेल.’ सामीलकी म्हणते, ‘तू यावेस, कसे ते आपण पाहू.’ सोळाव्या-सतराव्या शतकांत इस्तंबूलच्या ओटोमन दरबारातही याचा एक नमुना दिसतो. तेथे मुके-बहिरे सेवक होते. त्यांच्या खुणांची भाषा इतर दरबारी शिकले आणि सुलतानही ती वापरू लागले. बोलता न येणाऱ्याला बोलायला लावण्याऐवजी बोलणाऱ्यांनीच नवी भाषा शिकून घेतली.

परंपरा मात्र नेहमी याच बाजूला झुकली नाही. कुठे अशा व्यक्तीला ‘मजजूब’, म्हणजे ईश्वराकडे ओढला गेलेला, म्हणून मान मिळाला, तर कुठे साखळी मिळाली. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. स्वमग्नता हा मनोविकार नव्हे. पण ज्या घराला काहीच नाव सांगता येत नाही, ते घर आपल्या मुलाला घेऊन अशाच दाराशी जाते, म्हणून ही घटना इथे नोंदवली.

चार रकाने

नाव नसणे म्हणजे काय, हे जुन्या जनगणनेवरून चांगले समजते. इंग्रज सरकारने १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत शारीरिक-मानसिक व्यंगांची नोंद केली. रकाने चार होते : वेडे, जन्मतः मुके-बहिरे, अंध आणि कुष्ठरोगी.

आता कल्पना करा. १९०१ साल आहे. जंजिरा संस्थानातील एका घराच्या ओट्यावर जनगणनेचा कारकून बसला आहे. घरात सात वर्षांचा मुलगा आहे. त्याचे डोळे उत्तम आहेत, पण तो कोणाच्या डोळ्यांकडे पाहत नाही. हाक मारली तर वळत नाही, मात्र मागल्या दारी नारळ पडला की धावतो. म्हणजे बहिरा नाही. ‘पाणी हवे का?’ असे विचारले तर ‘पाणी हवे का’ एवढेच म्हणतो. म्हणजे मुकाही नाही. दिवसभर सुपाऱ्या एका ओळीत मांडतो आणि ओळ मोडली की आकांत करतो. याला वेडा म्हणावे, तर आईचा जीव होत नाही. कारकून काय लिहील? बहुधा काहीच नाही.

१९४१पासून हे रकानेही गेले. १९८१चा मर्यादित प्रयत्न सोडला, तर थेट २००१च्या जनगणनेत अपंगत्वाची पाच प्रकारांत नोंद झाली. २०११मध्ये प्रकार आठ झाले, तरीही स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. मोहल्ल्याने मुलाला माफ केले, त्याआधी सरकारी कागदानेही स्वतःला त्याच्यापासून माफ करून घेतले होते.

शब्द कसा आला

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०च्या सुमारास ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दावरून घडवला, पण तो एका वेगळ्या आजाराच्या लक्षणासाठी. १९२५मध्ये सोव्हिएत रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ते वाचले तर स्वमग्नताच ओळखू येते. मात्र ते फारसे कोणी वाचले नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ही अवस्था वैद्यकात स्वतंत्रपणे उभी राहिली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी अशाच मुलांचे वर्णन केले.

आज आपण जाणतो की स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. तिच्या खुणा दोन गटांत मोडतात. पहिला गट परस्परसंवादाचा : नजर, हावभाव, बोलण्याची देवघेव यांत अडचण. दुसरा गट पुनरावृत्तीचा : त्याच हालचाली, तोच क्रम, एखाद्याच विषयाचा ध्यास. आवाज, प्रकाश, स्पर्श फार तीव्र किंवा फार मंद जाणवणे हेही यातच येते. काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, काहींना मुळीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. चारशे मुलांच्या शाळेत अशी तीन-चार मुले असावीत, असा याचा अर्थ. ती दिसत नसतील तर ती कुठे आहेत, हे विचारायला हवे.

मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींहून जास्त आढळते. पण मुलींच्या बाबतीत निदान चुकण्याचाही मोठा वाटा आहे. एका कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलीला आपण ‘शहाणी’ म्हणतो आणि पुढे जातो.

आईवरचा ठपका

कॅनर यांनी आपल्या पहिल्याच निबंधात ही अवस्था जन्मजात असल्याचे म्हटले होते. पण या मुलांच्या आईबापांच्या कोरडेपणाबद्दलही त्यांनी लिहिले, आणि लोकांनी तेच उचलले. मायेची ऊब न देणाऱ्या आईमुळे मूल असे होते, हा समज पसरला. १९६७मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. त्याआधी १९६४मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या समजाला सविस्तर उत्तर दिले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६९मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. दोन बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. कारण पाळण्यात नसून आनुवंशिकतेत शोधायला हवे, हे त्यावरून दिसले. लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा १९९८चा निबंधही संबंधित नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला.

हा इतिहास रायगडच्या किनाऱ्याला लागू आहे. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जात आले. १९७३नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांची वाट मोठी झाली. घर सांभाळायला राहिली आई. मूल बोलत नाही म्हटल्यावर तिलाच ऐकावे लागते : ‘हिने हाती मोबाइल दिला’, ‘बाप जवळ नाही म्हणून’, ‘नजर लागली’, ‘गरोदरपणी मगरिबच्या वेळी बाहेर गेली’. अमेरिकेतील डॉक्टरांनी पंचवीस-तीस वर्षे सभ्य भाषेत हेच केले. त्यांची चूक सिद्ध होऊन आता अर्धे शतक होत आले आहे.

आणखी एक गैरसमज भाषेचा. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, मदरशात अरबी. एवढ्या भाषांत मूल गोंधळले, असे सांगितले जाते. मग एखादा हितचिंतक घरची बोली बंद करायला सांगतो. अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडत नाही, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसते. बोली तोडली तर आजीशी, मावशीशी असलेला धागा मात्र तुटतो.

मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३, गाव मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट, अगदी लहानसे. चार वर्षांचा होण्याआधीच त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने दूरच्या एका संस्थेत ठेवले गेले. सुमारे वर्षभराने आईबाप त्याला हट्टाने परत घेऊन आले. पुढे तो काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. डोनाल्डला मोजण्याचे वेड होते. त्या शेतकऱ्याने ते वेड बंद केले नाही. त्याला मक्याच्या ओळी मोजायला सांगितले, आणि मोजता मोजता तो नांगर धरायला शिकला. विहीर खोदताना खोली मोजण्याचे काम त्याला दिले. पुढे डोनाल्डने महाविद्यालयीन पदवी घेतली, गावच्या बँकेत नोकरी केली, तो मोटार चालवू लागला, एकट्याने जगभर हिंडला. २०२३मध्ये तो गेला तेव्हा गावाचा माणूस म्हणूनच गेला.

कॅनर यांनी १९७१मध्ये त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला. जी मुले मोठ्या सरकारी संस्थांत ठेवली गेली, त्यांची होती ती कौशल्येही विझून गेली होती. एका निबंधातल्या मुलांची आयुष्ये इतकी वेगळी झाली, त्यात भोवतालच्या माणसांचा मोठा हात होता.

फॉरेस्टसारखे गाव आपल्याकडे नाही असे नाही. श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी सोलून प्रतवारी लावायची असते, मुरूडला मासळी निवडायची असते, एस.टी.च्या थांब्यावर गाड्यांच्या वेळा असतात. क्रमाचे आणि नेमकेपणाचे वेड असलेल्या मुलाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त त्याला ‘माफ’ केलेले नसावे.

कायद्याची यादी

आपल्या देशात १९९१मध्ये दिल्लीत एका स्वमग्न मुलाच्या आईने, मेरी बरुआ यांनी, ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. तरीही १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. मधल्या काळात अनेक मुलांना ‘मतिमंद’ असे प्रमाणपत्र घेऊन भागवावे लागले.

कायदा झाला तरी अंतर उरतेच. जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय अलिबागला आहे. श्रीवर्धनहून तिथे यायचे तर दिघी-आगरदांडा फेरीबोटीने खाडी ओलांडावी किंवा माणगावकडून वळसा घ्यावा. गर्दी आणि कर्णे सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन, नवरा परदेशी असलेल्या बाईने हा प्रवास किती वेळा करावा? म्हणून पहिली ओळख गावातच व्हायला हवी. ती शिक्षक आणि मदरशातले मौलवीसाहेब करू शकतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

वर्गात आणि मदरशात

कशाकडे लक्ष द्यावे? मूल ‘मला’ऐवजी ‘तुला’ म्हणते का : ‘‘तुला पाणी पाहिजे’’, म्हणजे मलाच पाहिजे? बोट दाखवून एखादी वस्तू दुसऱ्याला दाखवते का, की हात धरून ओढत नेते? घंटा वाजली की कान झाकते का? मदरशात आणखी एक गोष्ट आढळते. काही स्वमग्न मुले ऐकलेला मजकूर जसाच्या तसा म्हणतात. आयती पाठ म्हणणारे मूल पाहून घरचे निर्धास्त होतात, पण त्याला भूक लागली हे सांगता येत नसते. पाठांतर हा त्याचा गुण आहे. त्याची दखल घ्यावी, मात्र त्यावरून संवाद जमतो असे समजू नये.

करायचे काय? कामाचे लहान टप्पे पाडून ते रोज त्याच क्रमाने करावेत. वुजू हे याचे उत्तम उदाहरण आहे : हात, गुळणी, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. हा क्रम नळाजवळ चित्रांच्या पट्टीवर लावला तर जे मूल सांगून ऐकत नाही, ते पाहून करते. नमाजही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हालचालींनी होतो. अशी मांडणी स्वमग्न मुलाला सोयीची असते. अडचण येते ती ध्वनिवर्धकाची, गर्दीची, अंगाला अंग लागण्याची. शाळेतही तसेच. प्रार्थनेच्या वेळी ओळीच्या टोकाला उभे करावे, तास बदलण्याआधी दोन मिनिटे सांगून ठेवावे, कोलाहल असह्य झाला तर जाऊन बसायला एक शांत कोपरा ठरवावा. याला निधी लागत नाही.

आमची शिक्षकांना एक विनंती आहे. हजेरीपटावरच्या त्या नावाच्या घरी एकदा जावे. उर्दू शाळा असेल तर मौलवीसाहेबांना सोबत घ्यावे. आईला दोष न देता तिच्याकडून मूल समजून घ्यावे. त्याच्याबद्दल तिला सर्वांत जास्त माहिती असते. आणि कोणी म्हणालेच, ‘त्याला माफ आहे’, तर इब्न उम्म मकतूम यांना विचारलेला प्रश्न हळूच विचारावा : ‘त्याला अजान ऐकू येते ना?’ त्या घरालाही ही गोष्ट बहुधा ठाऊक असेल. मग फक्त सफेच्या कडेला, दाराजवळ, एक जागा मोकळी ठेवायची असते. तशीच एक वर्गातही.